कोलेस्टेरॉलसाठी चहा: खान्देशच्या किराणा दुकानातून काय घ्यावं, काय तिथंच ठेवावं

लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या रिपोर्टवर एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा वाढलेला दिसला की जळगाव असो, धुळे असो की शहादा, घरात पहिली खरेदी बहुतेक वेळा ग्रीन टीच्या डब्याची होते. दुकानातही आता बरेच प्रकार असतात. पिशव्यांचा ग्रीन टी, मध-लिंबू चवीचा ग्रीन टी, अर्जुनसाल घातलेला ‘हृदयासाठी’ चहा, झटपट लेमन टीची पुडी, आणि औषधांच्या दुकानात ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल. या सगळ्यांची पारख इथे दोन प्रश्नांवर केली आहे: कोलेस्टेरॉलला आणि रक्तवाहिन्यांना उपयोग किती, आणि खान्देशातल्या पाण्यात, उन्हाळ्यात, घरच्या सवयींत तो चहा रोज टिकतो का.

कौल आधीच सांगून टाकतो. सगळ्यांत भरवशाचा आणि स्वस्त पर्याय तुमच्या डब्यात आधीपासून आहे: रोजच्याच पत्तीचा कोरा चहा, बिनसाखरेचा, वर लिंबाचे थेंब. चव आवडत असेल तर ग्रीन टी जरूर घ्या, पण सुट्या पत्तीचा. मध-लिंबू चवीच्या पिशव्यांना जास्तीचे पैसे मोजण्याचं कारण नाही. झटपट पुड्या आणि मशीनचा चहा हृदयाच्या नावाखाली घेऊच नका. कॅप्सूल तर अजिबात नको. आणि यातला कुठलाही चहा कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीची जागा घेत नाही.

हे शेवटचं वाक्य आकड्यांनी पटवून द्यावं लागतं. ग्रीन टीवरच्या ३१ चाचण्या एकत्र करून २०२० साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात ३,३२१ माणसं होती. ग्रीन टी घेणाऱ्यांचं एकूण कोलेस्टेरॉल दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी ४.६६ मिलिग्रॅमने आणि एलडीएल ४.५५ मिलिग्रॅमने कमी झालं. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वाढलं नाही आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबीही उतरली नाही. त्याआधी २०११ च्या १४ चाचण्यांच्या विश्लेषणात एलडीएलची घट २.१९ मिलिग्रॅम आली होती. आता समजा एखाद्या नानांचं एलडीएल १६० आहे. रोज नेमाने ग्रीन टी घेतला तर ते १५५ च्या आसपास येईल. ॲटोर्व्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची साधी गोळी तेच एलडीएल साधारण १०० पर्यंत आणते. डब्यावर ‘कोलेस्टेरॉल कमी करतो’ असं लिहिलेलं खोटं नाही, पण किती ते लिहिलेलं नसतं आणि खरा प्रश्न तोच आहे.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, सांगू शकतही नाही. माणसाचं एलडीएल काहीही न करता एका तपासणीपासून दुसरीपर्यंत सात-आठ टक्के वर-खाली होतं. १५० असेल तर दहा-बारा मिलिग्रॅम इकडे-तिकडे. चहाची घट चार-पाचची. म्हणजे तीन महिने ग्रीन टी पिऊन रिपोर्टमध्ये २० ची घट दिसली तर ती चहाची नव्हे. जेवण बदललं असेल, वजन उतरलं असेल किंवा प्रयोगशाळा बदलली असेल. तशीच घट नाही दिसली म्हणून चहा वाया गेला असंही नाही. हजारो माणसांच्या सरासरीत जे दिसतं ते एकट्याच्या कागदावर दिसायला जागाच नसते.

मग चहा हृदयाला चांगला म्हणतात ते कशावरून? जपानच्या ओसाकी भागात ४०,५३० प्रौढांवर ११ वर्षं नजर ठेवली गेली; मृत्यूंची कारणं त्यातल्या पहिल्या सात वर्षांत तपासली. २००६ साली निकाल आला: दिवसाला पाच किंवा जास्त कप ग्रीन टी घेणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू, एका कपाहून कमी घेणाऱ्यांच्या मानाने २६ टक्के कमी होते. ब्रिटनमध्ये जवळजवळ ५ लाख लोकांचा असाच अभ्यास २०२२ साली आला. तिथे बहुतेक जण काळा चहा पितात, आणि दोन किंवा जास्त कप घेणाऱ्यांत एकूण मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी आढळला. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. चहा पिणारा माणूस बाकी बाबतीतही वेगळा असू शकतो. तरी इतक्या मोठ्या आकड्यांत एकाच दिशेचा कल दिसतो तेव्हा चहा किमान वाईट नाही आणि बहुधा थोडा चांगला आहे, एवढं म्हणता येतं. यातला फायदा फक्त कोलेस्टेरॉलवाटे येत नसावा. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर सैलावण्याची क्षमता सुधारणं हाही एक मार्ग आहे, आणि तो काळ्या चहातही दिसलेला आहे.

ग्रीन टी हे वेगळं झाड आहे असा समज अजून बऱ्याच घरांत आहे. हिरवा, काळा, ऊलाँग हे सगळे कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडपाचे. पान खुडल्याबरोबर वाफेवर किंवा कढईत तापवलं की त्यातली कॅटेचिन नावाची द्रव्यं तशीच राहतात, आणि ईजीसीजी हे त्यांतलं सगळ्यांत जास्त प्रमाणात असणारं. पान चिरडून हवेवर ठेवलं की कॅटेचिनची थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन होतात, रंग लालसर-काळा येतो. आपल्या घरातली गोळीदार पत्ती याच वाटेने येते. पान दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, वळवून काढायची सीटीसी पद्धत १९३० साली आसामात सुरू झाली. आतड्यात कॅटेचिन कोलेस्टेरॉलला पित्तात नीट विरघळू देत नाहीत, त्यामुळे ते थोडं कमी शोषलं जातं. काळ्या चहाचे एलडीएलवरचे निकाल हिरव्यापेक्षा जरा उलटसुलट आहेत. म्हणून फक्त द्रव्यांची तुलना केली तर ग्रीन टी पुढे आहे. मात्र कपात जाणारं बाकीचं सामान मोजलं की चित्र पालटतं, आणि खान्देशात तेच मोजायला हवं.

घरचा नेहमीचा चहा घ्या. १५० मिलिलिटरचा कप, निम्मं दूध, तेही म्हशीचं. ७५ मिलिलिटर दुधात साडेसहा टक्के धरून जवळजवळ ५ ग्रॅम स्निग्धांश, त्यातला तीनेक ग्रॅम संपृक्त (सॅच्युरेटेड). असे चार कप झाले की साडेबारा ग्रॅम. २,००० कॅलरींच्या आहारात संपृक्त चरबी १३ ग्रॅमच्या आसपास ठेवा असं अमेरिकन हार्ट असोसिएशन कोलेस्टेरॉल वाढलेल्यांना सांगते. म्हणजे भाजीला फोडणी पडण्याआधीच दिवसाचा कोटा चहात संपला. साखर दोन चमचे, १० ग्रॅम. चार कपांत ४० ग्रॅम, १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम म्हणते. एलडीएल दुधाच्या चरबीने चढतं, ट्रायग्लिसराइड साखरेने. एवढं आत जात असताना वर एक कप ग्रीन टी ‘भर म्हणून’ प्यायला तर काय हाती लागणार? ग्रीन टीचा डबा आणूनही फरक न पडलेल्या घरांत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं: आधीचे चार कप तसेच राहिले, पाचवा वाढला.

म्हणून कोरा चहा पहिल्या क्रमांकावर. तो दुधाच्या कपाची जागा घेतो, वेगळी खरेदी लागत नाही, आणि पाहुण्यापुढे ठेवायला संकोच वाटत नाही. करायची रीत मात्र दुधाच्या चहाची नाही. २०० मिलिलिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळा, गॅस बंद करा, सपाट चमचाभर म्हणजे साधारण दोन ग्रॅम पत्ती टाका, झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. गाळल्यावर अर्धा चमचा लिंबाचा रस. पत्ती पाण्यात उकळत ठेवलीत तर तुरटपणा इतका उतरतो की साखरेशिवाय घोट जात नाही. ‘कोरा चहा कडू लागतो’ ही तक्रार जवळजवळ नेहमी इथूनच येते. ॲल्युमिनियमच्या भांड्यात लिंबू घालू नका. पर्ड्यू विद्यापीठात २००७ साली प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पचनात असं दिसलं की नुसत्या ग्रीन टीतली कॅटेचिन पचनात बहुतेक नष्ट होतात, लिंबाचा रस घातला तर बरीचशी टिकतात. हा प्रयोग माणसाच्या पोटातला नव्हे, पण लिंबाने चवही सुधारते, तेव्हा घालायला हरकत काहीच नाही.

पाण्याचा प्रश्न इथे जरा थांबून बघण्यासारखा आहे. बोअरचं जड पाणी वापरलं की कोऱ्या चहावर मिनिटभरात तपकिरी, तेलकट चकाकीचा पातळ थर धरतो. कप हलवला की तो सायीसारखा तडकतो, तुकडे कपाच्या कडेला चिकटतात आणि वाळल्यावर तिथे घासूनही न निघणारी कड राहते. ही पत्तीतली भेसळ नव्हे, पत्तीवरचं तेलही नव्हे. पाण्यातल्या कॅल्शियमच्या क्षारांना हवेच्या संपर्कात चहातली द्रव्यं धरून बसतात, तो हा थर. अशा पाण्यात पत्तीतला अर्कही कमी उतरतो, रंग गढूळ येतो, म्हणून माणूस जास्त पत्ती टाकतो आणि चहा आणखी तुरट होतो. लिंबाचे चार थेंब पडले की थर फुटतो आणि रंग एकदम उजळतो. पण खरा उपाय फिल्टरचं किंवा नळाचं मऊ पाणी. ग्रीन टी तर जड पाण्यात करूच नये. कितीही महाग पत्ती असली तरी पिवळट, चवहीन पाणी मिळतं आणि दोष पत्तीला जातो.

आता ग्रीन टी. पिशव्यांचा डबा घेताना किमतीकडे नाही, वजनाकडे बघा. एका पिशवीत साधारण सव्वा ते दीड ग्रॅम पत्ती असते. २५ पिशव्यांच्या डब्यात सगळी मिळून ३१ ते ३७ ग्रॅम. डब्याच्या किमतीला त्या ग्रॅमनी भागा आणि शेजारच्या सुट्या पत्तीच्या १०० ग्रॅमच्या पाकिटाशी ताडून बघा. फरक आपोआप दिसेल. पिशवीत बहुधा बारीक चुरा असतो, तो पटकन कडू होतो. नायलॉनच्या किंवा पीईटीच्या चकचकीत त्रिकोणी पिशव्या तर टाळाच. मॅकगिल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात अशा एकाच पिशवीतून ९५ अंशांच्या पाण्यात अब्जावधी सूक्ष्म प्लास्टिक कण सुटलेले आढळले. प्रवासात, ऑफिसात पिशवी सोयीची आहे हे खरं; तेव्हा साधी कागदी घ्या.

मध-लिंबू चवीच्या ग्रीन टीत बहुतेक वेळा मध नसतो, मधाची चव असते. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे, तेव्हा यादी वाचायला अर्धं मिनिट द्या. साधी पत्ती घेऊन घरचं लिंबू पिळलेलं केव्हाही सरस.

सुटी पत्ती घेताना पॅकिंगची तारीख बघा. ग्रीन टी काळ्या पत्तीपेक्षा लवकर शिळा होतो, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात राहिलेलं पाकीट तारखेच्या आत असूनही गेलेलं असतं. ताजी पत्ती करडी-हिरवी दिसते, वास ओल्या गवताचा येतो. तपकिरी झाली, वास वाळल्या चाऱ्याचा येऊ लागला, की तिच्यातली कॅटेचिनही उतरलेली समजा. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. १०० ग्रॅम आणा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, गॅसच्या ओट्यापासून आणि मिरची-मसाल्यापासून लांब ठेवा, दोन-तीन महिन्यांत संपवा. पत्ती आजूबाजूचा वास फार पटकन ओढते.

करताना दोन ग्रॅम पत्ती, १८० ते २०० मिलिलिटर पाणी. उकळी आल्यावर गॅस बंद करून झाकण काढा, तीन-चार मिनिटं तसंच ठेवा, म्हणजे पाणी ८० अंशांच्या जवळ येतं; उन्हाळ्याच्या दुपारी आणखी मिनिटभर द्या. मग पत्ती टाका, तीन मिनिटांनी गाळा. तीच पत्ती दुसऱ्यांदा चालते, वेळ मिनिटभर वाढवा. उकळतं पाणी ओतणं, पत्ती कपातच राहू देणं आणि शेवटी पिशवी चमच्याने पिळणं, या तीन गोष्टींनी ग्रीन टी औषधाच्या काढ्यासारखा होतो आणि दोन आठवड्यांत डबा फळीच्या मागे जातो. दूध यात घालू नका. बर्लिनमध्ये २००७ साली १६ महिलांवर झालेल्या प्रयोगात काळ्या चहाने रक्तवाहिनी सैलावली, पण दूध घातल्यावर तो परिणाम पुसला गेला. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या द्रव्यांना बांधून ठेवतं असं त्यामागचं कारण दिलं गेलं. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हे इतकं स्पष्ट आलेलं नाही, आणि ब्रिटनच्या अभ्यासात दूध घालणाऱ्यांनाही फायदा दिसलाच. पण तिथला चहा म्हणजे ओतलेल्या पाण्यात दुधाचा थेंब. आपला अर्धा-अर्धा उकळलेला चहा त्या हिशेबात धरता येत नाही.

दुधाचा चहा सुटतच नसेल, आणि बऱ्याच घरांत आबांचा सकाळचा पहिला कप सोडवणं अवघडच, तर तोच कप सुधारा. ११० मिलिलिटर पाण्यात पत्ती आणि आलं दोन मिनिटं उकळा, मग ४० मिलिलिटर टोन्ड दूध वेगळं गरम करून घाला, एक उकळी आणि बंद. चरबी पाच ग्रॅमवरून सव्वा ग्रॅमवर येते. साखर एकदम तोडली तर माणूस चिडतो आणि चौथ्या दिवशी परत दोन चमच्यांवर येतो. दर आठवड्याला पाव चमचा कमी केली तर जीभ कुरकुर न करता जुळवून घेते. गुळाचा चहा म्हणून सूट घेऊ नका. ट्रायग्लिसराइडच्या हिशेबात गूळ ही साखरच आहे. गुळाने चहा फाटतो तो गूळ दुधाबरोबर उकळल्याने. घालायचाच तर गॅस बंद केल्यावर, जेमतेम अर्धा चमचा.

चहाबरोबर जे येतं त्यावर चहाहून जास्त बोललं पाहिजे. खारी, बटर, टोस्ट, नानखटाई, पिवळी शेव, केळीचे वेफर. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट जानेवारी २०२२ पासून कायद्याने २ टक्क्यांवर आणली, ही मोठी गोष्ट झाली. पण बेकरीत आणि फरसाणात पामतेल उरलंच, आणि त्यात निम्मी चरबी संपृक्त असते. दोन खाऱ्यांनी एलडीएलचं जे नुकसान होतं ते ग्रीन टीचे कप भरून काढू शकत नाहीत. मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे आणि बरोबर कोरा चहा ही जोडी इथे कुठेही मिळते.

झटपट लेमन टीच्या पुडीवर पहिला घटक बहुधा साखर असतो. बसस्थानकावर, ऑफिसात, अगदी दवाखान्याच्या उपाहारगृहात जे मशीन असतं त्याच्या मिश्रणात साखर आणि दुधाची पावडर किंवा वनस्पतीजन्य क्रीमर असतो आणि चहाचा अर्क नावापुरता. बटण दाबलं की साखर कमी करता येत नाही, हा तर मोठाच दोष. त्यापेक्षा टपरी बरी. तिथे ‘कोरा, बिनसाखरेचा, काचेच्या ग्लासात’ असं सांगता येतं आणि मिळतं. काचेच्या ग्लासाचा आग्रह धरा. कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, आणि आयआयटी खरगपूरच्या तपासणीत १०० मिलिलिटर गरम पेयात पंधरा मिनिटांत सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरलेले आढळले. चहा जरा निवू द्या. ६५ अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली नोंदवलं आहे.

‘हृदयासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांबद्दल सावध राहा. अर्जुनसाल, दालचिनी, तुळस, आलं ही नावं समोरच्या बाजूला मोठी आणि प्रमाण मागच्या बाजूला बारीक किंवा गायब. यादीत ज्येष्ठमध आहे का ते आधी शोधा. गोडवा येतो म्हणून ते सर्रास घालतात, पण त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं आणि रक्तदाब चढवतं. रक्तदाबाच्या रुग्णाने हृदयासाठी म्हणून रोज दोन-तीन कप ज्येष्ठमध प्यावं, याहून उलटी गोष्ट नाही. पाकिटावर किंवा जाहिरातीत हृदयविकार बरा करण्याचा दावा असेल तर ते पाकीट परत ठेवा. असे दावे १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्यानेच मना केलेले आहेत.

याच फळीवर खरोखर घेण्यासारखी एक वस्तू क्वचित दिसते, ती म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांच्या वाळवलेल्या पाकळ्या (फुलाच्या नव्हेत, बोंडाभोवतीची जाड लाल बाह्यदलं). अंबाडीची भाजी खान्देशाला नवी नाही. बोंडं मात्र घरात फारशी वापरली जात नाहीत. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात रक्तदाब थोडा वाढलेल्या ६५ जणांना सहा आठवडे दिवसातून तीनदा हा अर्क दिला, प्रत्येक वेळी सव्वा ग्रॅम पाकळ्या आणि २४० मिलिलिटर पाणी. वरचा रक्तदाब ७.२ अंकांनी उतरला. ज्यांना नुसतं चवीचं पाणी दिलं त्यांचा १.३ ने. हा चहा नव्हे, यात कॅफिन नाही, आणि कोलेस्टेरॉलपेक्षा रक्तदाबावर त्याचा भर. उकळतं पाणी ओतून पाच-सहा मिनिटं झाकून ठेवा, गाळा. आंबट लागतो, साखरेचा मोह होतो, तो टाळा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगूनच, आणि गरोदरपणात नको. गवती चहा वासाला उत्तम, रात्री कॅफिनशिवाय काही गरम हवं असेल तर छानच. त्याला हृदयाचं औषध मात्र म्हणू नका.

कॅप्सूलला ठाम नकार का? ग्रीन टीच्या एका कपात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी असतं आणि ते घोटाघोटाने पोटात जातं. अर्काच्या कॅप्सूलमध्ये ते एकदम आणि बरंच जास्त येतं, त्यातही लोक उपाशीपोटी घेतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली तपासून सांगितलं की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइम वाढतात. पाण्यात भिजवून केलेल्या चहाबद्दल अशी चिंता नाही. ज्यांना स्टॅटिन चालू आहे त्यांच्या यकृतावर डॉक्टरांचं लक्ष असतंच. त्यात हा गोंधळ कशाला?

आठवडे बाजारात वजनावर मिळणारी सुटी काळी पत्ती स्वस्त असते, ती आणलीत तर घरी तपासून घ्या. गाळणकागदावर चिमूटभर पत्ती पसरा, पाणी शिंपडून कागद ओला करा, थोड्या वेळाने नळाखाली धुवा आणि उजेडाकडे धरून बघा. शुद्ध पत्तीचा डाग राहत नाही. रंग चढवलेली असेल तर लालसर-काळे ठिपके लगेच उमटतात. पत्तीतून लोहचुंबक फिरवला की लोखंडाचा कीसही कळतो. पाकीटबंद घेताना अन्नसुरक्षा खात्याचा (एफएसएसएआय) १४ अंकी परवाना क्रमांक आहे का बघा.

किती प्यावं? तीन ते चार कप पुरे. एका कपात ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन धरा. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, गरोदर बाईला २०० च्या आत. संध्याकाळी पाचनंतरचा कप झोप खातो, आणि अपुरी झोप रक्तदाबाला चांगली नाही. शेतात, उन्हात काम करणाऱ्याने चहाला पाण्याचा पर्याय समजू नये. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर मे महिन्यात हे विशेष सांभाळा.

जेवणाबरोबर चहा नको, आधी-नंतर तासभर सोडा. चहातली तुरट द्रव्यं डाळी, भाकरी आणि पालेभाजीतलं लोह शोषू देत नाहीत, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त राबावं लागतं, म्हणजे हृदयासाठी सुरू केलेला चहा चुकीच्या वेळी घेऊन हृदयावरच भार. घरातल्या बाईला दोन वेळा कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी मिळते, पण वर लगेच कप येतो, तर त्या जेवणातलं लोह बरंचसं वाया जातं. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच नाही. थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, चहा नंतर.

हृदयाची झडप बदललेल्या किंवा वॉर्फरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्या रुग्णांनी ग्रीन टी एकाएकी सुरू करू नये किंवा एकाएकी वाढवू नये. जास्त प्रमाणात त्याने औषधाचा जोर कमी होऊ शकतो, म्हणून रोजचे कप ठरलेले ठेवा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) करताना डॉक्टरांना ते सांगा. नॅडोलोल ही रक्तदाबाची गोळी असेल तर ग्रीन टी तिचं शोषण फार घटवतो. दोन्ही एकत्र नको. रक्तदाब मोजायच्या आधी अर्धा तास कुठलाच चहा नाही. आणि लिपिड प्रोफाइलला उपाशीपोटी जायला सांगितलं असेल तर ९ ते १२ तास फक्त पाणी, बिनसाखरेचा कोरा चहासुद्धा नाही. तपासणी दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करा, आणि दूध-साखर-खारी कमी केल्यापासून तीन महिन्यांनी करा.